मी बघते

थोर्वालच्या डाव्या पायात मोजा चढवताना बोडिल जरा जास्तच वाकली. टाच नीट बसावी म्हणून तिनं किंचित जोर लावला, आणि त्या जोरासरशी तिच्या अंगातून काहीतरी तिला न विचारताच सुटलं. फार नाही. इतकं थोडं, की क्षणभर तिला वाटलं भासच झाला. मग ऊब लागली आणि मागोमाग वास आला. म्हाताऱ्याची टाच तळहातावर तशीच धरून ती उकिडवी बसून राहिली, कारण हललं तर आणखी होईल अशी भीती होती. वर थोर्वाल नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत बोलत होता. आज वारा पश्चिमेचा आहे, बोटी धक्क्याला लागायला वेळ लागणार, क्रेनवरच्या पोरांचे हाल आहेत. त्याला काहीच कळलं नव्हतं. उभी हयात त्यानं डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या बंदरात क्रेन चालवली होती. तरुणपणी गोदीत डोक्यावर साखळी आदळली, तेव्हापासून त्याला वास येत नव्हता, कॉफीचा नाही, समुद्राचा नाही, कशाचाच नाही. हे बोडिलला त्या क्षणी आठवलं आणि तिला हायसं वाटलं. पुढे या सगळ्याचा विचार करताना तिला सगळ्यात आधी लाज वाटायची ती या हायसं वाटण्याची.

इतक्यात सिग्ने टॉवेल घेऊन आत आली. सिग्ने नवी होती, मनापासून काम करायची. वृद्धनिवासात आली तेव्हापासून बोडिलच्या हाताखाली शिकत होती. दारातच ती थबकली. तिचं नाक किंचित हललं, आणि मग तिच्या तोंडून तो आवाज निघाला. मोकळा, आनंदी, जरा वरच्या पट्टीतला. बोडिलनंच तिला शिकवलेला. अशा वेळी आपण लाजलो तर माणूस मरून जातो, म्हणून आपण अगदी हवापाण्यावर बोलावं तसं बोलायचं.

"सुप्रभात, थोर्वाल! आज सकाळी सकाळीच काम उरकलं वाटतं?" असं म्हणत तिनं खिडकी उघडलीसुद्धा. "बोडिल, मी मदत करू का?"

वाक्य तयार होतं. सिग्ने, हे माझं आहे, ऑपरेशननंतर मला जरा धरवत नाही. सोपं, लहान वाक्य. असली वाक्यं इथं दिवसभर हवेत उडत असायची. बोडिलनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "तू जा. मी बघते."

मी बघते. खोटं असं काहीच नव्हतं त्यात. पुढे तिनं ते दोन शब्द कितीदा तरी उलटेपालटे करून पाहिले, त्यांच्यात खोटं कुठेच सापडत नव्हतं, आणि तरीही ते तिच्या तोंडून निघाले आणि खोलीतला वास तिच्याकडून सरकून खुर्चीतल्या माणसाकडे गेला. सिग्नेनं दार ओढून घेतलं. थोर्वाल दाराकडे पाहत होता. मग तो बोडिलकडे पाहू लागला.

"काय झालं? माझं?" त्यानं नाक वर केलं, हवा ओढली. अंधारात हात पुढे करून भिंत शोधावी तसं. "मला कळत नाही, बोडिल. तुला माहीत आहे ना. झालंय का काही?"

"चला, न्हाणीघरात जाऊ," ती म्हणाली.

तो उठला. तिनं त्याची विजार उतरवली. तो स्वच्छ होता, धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा स्वच्छ आणि कोरडा. तिनं कोमट पाणी घेतलं, मऊ फडका घेतला, आणि एका स्वच्छ माणसाला स्वच्छ केलं. हात सवयीनं आपलं काम करत होते. तिच्या स्वतःच्या कपड्याखाली ते ओलं आता गार होत चाललं होतं आणि ती मांड्या जवळ घेऊन उभी होती. थोर्वाल समोरच्या फरशीवरून नजर काढत नव्हता. भिंतीवरच्या दांडीला त्यानं घट्ट धरलं होतं, एकेकाळी कसल्याशा लोखंडी दांड्यांना धरत असेल तसं.

"माफ कर हं," तो म्हणाला. "तुला सकाळी सकाळी हे."

"काही नाही हो. होतं असं."

"आभारी आहे, बोडिल."

त्यानं ते मनापासून म्हटलं.

नंतर कामगारांच्या संडासात आतून कडी लावून ती बसली. पिशवीत जादाची चड्डी होती, ओले रुमाल होते, एक छोटी अत्तराची बाटली होती. हे सगळं तिनं घरून निघताना भरलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं. असं होऊ शकतं हे जाणूनच ती कामावर आली होती. कित्येक महिने शौचाच्या जागेची एक चीर तिला छळत होती. रोज सकाळी काच गिळून काच बाहेर टाकावी तसं व्हायचं. दातांत टॉवेल धरून ती बसायची. तेव्हा डॉक्टरनं तिथल्या स्नायूला एक लहानसा छेद दिला. अगदी किरकोळ काम. दुपारपर्यंत ती घरी आलीसुद्धा. डॉक्टर तरुण होता, टेबलाच्या कडेवर बसून पाय हलवत बोलत होता. म्हणाला, काही जणांना सुरुवातीला जरा धरवत नाही, बहुतेक वारा सुटतो, कधी कधी थोडं ओलं होतं, जखम भरली की येतं ताळ्यावर, अगदी क्वचित राहतं. तो "राहतं" म्हणाला तेव्हा त्यानं पाय हलवायचे थांबवले होते, एवढं तिच्या लक्षात राहिलं. घरी आराम करायचे दिवस संपले आणि ती कामावर आली. आणखी रजा मागता आली असती. पण का हवी, ते सांगावं लागलं असतं. लिस्बेट तिच्याच वयाची, या मजल्याची प्रमुख, वाईट बाई नव्हती. तिनं ऐकून घेतलं असतं. पण मग दुपारच्या कॉफीला बसल्यावर तिनं बोडिलकडे क्षणभर ज्या नजरेनं पाहिलं असतं, ती नजर बोडिल चांगली ओळखत होती. ती नजर तिची स्वतःचीच होती. वीसेक वर्षं ती दुसऱ्यांच्या अंगाखालचं काढत आली होती, आणि लाजायचं काय त्यात, सगळ्यांचंच होतं, असं म्हणत आली होती. ते "सगळे" म्हणजे आपण सोडून सगळे, हे तिला त्या संडासात पहिल्यांदा कळलं.

तिचा बाप एस्ब्येरला मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात होता. तो वास कातड्यात मुरायचा, केसांत, नखांत, कानांच्या मागे. आई त्याला तसा घरात घ्यायची नाही. मागच्या अंगणात लाकडी खोपी होती, तिथं तो हिवाळ्यातही कपडे उतरवायचा आणि बोडिल गरम पाण्याची बादली घेऊन दाराशी उभी राहायची. आतून बापाची पांढरी पाठ दिसायची, वाफ निघायची तिच्यातून. तो कधी एक शब्द बोलला नाही. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून लक्ष ठेवायची, शेजारचं कुणी बघत तर नाही ना. रविवारी चर्चमध्ये आई त्याला कडेला बसवायची, भिंतीकडे, म्हणजे एकाच बाजूला माणसं येतील. घर त्याच्याच पगारावर चालायचं, आणि घरात वास त्याचाच म्हणायचे. बोडिलला मुलगी म्हणून बापाची कीव यायची, पण बादली ठेवताना ती श्वास रोखून धरायची. श्वास रोखल्याचं बापाला दिसत असेल का, हे तिला त्या वयात सुचलं नाही. आता सुचत होतं. थोर्वालसमोर मात्र श्वास रोखायची गरज नव्हती. त्याला वासच येत नाही. तिला इतके दिवस त्याच्या खोलीत बरं वाटायचं ते कदाचित याचसाठी.

कामाच्या वाटणीच्या बैठकीत लिस्बेट म्हणाली, "थोर्वालला काय झालं म्हणे? सिग्ने सांगत होती."

"एकदाच झालं," बोडिल म्हणाली.

"एकदा झालं की पुन्हा होतं. वय बघ त्याचं. पॅड लावू या त्याला. खात्रीसाठी."

"त्याला आवडायचं नाही."

"आवडतं कुणाला? तू समजाव. तुझं ऐकतो तो."

सिग्ने मान डोलवत होती. बोडिलनं पेल्यातली कॉफी ढवळली. साखर नव्हती तिच्यात, तरी ढवळत राहिली. अजूनही वेळ गेलेली नव्हती. सकाळपेक्षा आता सांगणं अवघड झालं होतं इतकंच. उद्या याहून अवघड होणार होतं, तेही तिला दिसत होतं. दिसत असून ती म्हणाली, "बरं. समजावते."

थोर्वालनं वाद घातला नाही. त्यानं वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. बिछान्यावर ठेवलेल्या त्या पांढऱ्या घडीकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मी वर क्रेनमध्ये अख्खी पाळी काढायचो. एकदासुद्धा खाली उतरायचो नाही. खाली यायला शिडी केवढी, आणि खाली आलं की मुकादम बोंबलणार. बाकीचे लघवीसाठी डबा घेऊन जायचे वर. मी कधी नेला नाही." आणि त्यानं पाय उचलून दिला.

त्याचं सगळं बोडिलकडेच होतं. प्रत्येक म्हाताऱ्यासाठी एक ठरलेलं माणूस असायचं, थोर्वालसाठी ती. त्यामुळे रोज त्याचा कोरडा पॅड तीच काढायची, कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घालायची, पिशवीला गाठ मारायची. सिग्नेनं विचारलं तर म्हणायची, आज ठीक होतं. "आज" म्हटलं की झालं. त्या एका शब्दात काल आणि उद्या आपोआप मळून जायचे. आणि एके दिवशी, घरून आणलेले स्वतःचे संपले होते म्हणून, थोर्वालच्या कपाटातल्या गठ्ठ्यातला एक पॅड काढून तिनं स्वतःला लावला. पाठीमागे थोर्वाल खुर्चीत डुलक्या घेत होता. हात मागे नेऊन ती तो सारखा करत असताना तिला आरशात स्वतःचा चेहरा दिसला. तो चोराचा वाटत नव्हता. कामात असलेल्या बाईचा वाटत होता, कुणाचं तरी काहीतरी नीट करत असलेल्या.

खाणं तिनं जवळजवळ सोडलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, भरपूर खा, पाणी प्या, भाज्या खा. ती सकाळी काळ्या कॉफीवर निघायची आणि पाळी संपेपर्यंत काही तोंडात घालायची नाही. सायकल चालवता येत नव्हती म्हणून बस. बसमध्ये बसायची नाही, दाराजवळ उभी राहायची, काचेकडे तोंड करून. मागे कुणी खिडकी उघडली की तिची पाठ ताठ व्हायची. कुणी खोकलं, कुणी जागा बदलली, की ती स्वतःच्या आत कान लावायची. सगळं शरीर एका जागी येऊन बसलं होतं. डोकं, हात, पाय हे त्या एका जागेचे पहारेकरी. आणि तरीही धरायचं म्हटलं की नेमकी धरायची दोरी हाताला लागत नव्हती. दोरी होती तिथं नुसती जाणीव होती.

दुपारच्या कॉफीला सगळे मोठ्या दालनात जमायचे. थोर्वालची खुर्ची एलेगोरबाईंच्या शेजारी. इथली म्हातारी माणसं आपसांत पहिल्या नावानं हाक मारत, अरे-तुरे करत, पण हे दोघं मात्र एकमेकांना "तुम्ही" म्हणायचे आणि थोर्वाल त्यांना एलेगोरबाई म्हणायचा. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांना कमी ऐकू यायचं. दोघं पत्ते खेळत, बहुतेक वेळा त्याच जिंकत, आणि थोर्वाल हरल्यावर पत्ते गोळा करताना इतका खूश दिसायचा की सिग्ने हसायची. त्या दिवशी बोडिल कॉफीची किटली घेऊन दोघांच्या मधून वाकली. एलेगोरबाईंचा पेला लांब होता. हात लांबवला आणि आतला वारा सुटला. आवाज झाला नाही. वास मात्र पसरला, दाट, टेबलाएवढा.

थोर्वालला पॅड लावतात हे आतापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. एलेगोरबाईंनी रुमाल काढला, नाकाला लावला नाही, नुसता हातात धरला. मग त्यांनी खुर्ची सरकवली. थोडीशी, हातभरसुद्धा नाही. फार सभ्यपणे, जणू खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून.

थोर्वालला वास आला नाही, पण खुर्चीचा आवाज आला. त्यानं टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. पत्ते पालथे ठेवले. "मला वाटतं, मी जरा पडतो," असं म्हणून काठी घेऊन तो उठला, आणि बोडिलच्या हातात गरम किटली तशीच राहिली. "मी येते सोबत," ती म्हणाली. "नको," तो म्हणाला. "तू कॉफी वाढ."

त्यानंतर तो दालनात आला नाही. जेवण खोलीत मागवू लागला, आणि ताट जसंच्या तसं परत जाऊ लागलं. राय धान्याच्या काळ्या पावाचा एक तुकडा, हेरिंग माशाची एक फोड, बाकी सगळं तसंच. बिटाच्या लोणच्याचा लाल ओघळ पांढऱ्या बशीवर वाळून जायचा.

"थोर्वाल, खायला हवं तुम्ही."

"आत गेलंच नाही तर बाहेर काय येणार?" तो म्हणाला, आणि आपण युक्ती शोधून काढली असं किंचित हसला.

बोडिलच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. ती त्याच्यासमोर बशी धरून उभी होती, आणि दोन रिकामी पोटं एकमेकांसमोर गुरगुरत होती. त्याची विजार कमरेला सैल होऊ लागली. रोज पट्टा आवळताना तिच्या बोटांना ते कळायचं. ती रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज तिला वाटायचं, जखम भरत आली आहे, दोन-चार दिवसांत माझं थांबेल, म्हणजे त्याचंही थांबेल, मग सगळे म्हणतील थोर्वाल बरा झाला, पॅड निघतील, तो टेबलाशी येऊन बसेल, कुणाला काही सांगायला नको. ही कल्पना तिला इतकी पटायची की कधी कधी ती त्याच्याबद्दल खरोखरच आशेनं बोलायची. "सुधारतंय तुमचं," असं ती एकदा म्हणालीसुद्धा. त्यानं तिचा हात थोपटला.

एका दुपारी त्याची मुलगी उल्ला आली. बराच वेळ ती आत होती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बोडिल चादरींची गाडी ढकलत येत होती. उल्लानं तिला थांबवलं.

"बाबा म्हणतात, आस्टाच्या कन्फर्मेशनला येत नाही. नात आहे हो त्यांची. एकुलती एक. चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून श्रद्धेची कबुली देणार, मग घरी जेवण, भाषणं, सगळं. त्यांनी तिच्यासाठी गाणं लिहून ठेवलंय गेल्या वर्षीपासून. आणि आता म्हणतात, तुम्हीच म्हणा ते. खरं सांगा, इतकं वाढलंय का?"

"वाढलंय असं नाही," बोडिल म्हणाली.

"माझ्याशी ते बोलतच नाहीत. भिंतीकडे बघतात. मी म्हटलं, बाबा, दाराजवळची खुर्ची देते, जादाचे कपडे घेते सोबत. लागलं तर मी करते सगळं." उल्लानं आवाज खाली आणला. "मला येत नाही ते. तुम्ही शिकवाल का? कसं बदलायचं, कसं धुवायचं, त्यांना वाईट न वाटता. एकदा दाखवलंत तर जमेल मला."

चादरींवर बोडिलचे हात होते. इस्त्रीच्या उबेचा, साबणाचा वास येत होता. उल्ला वाट बघत होती, डोळे पुसत, विद्यार्थ्यासारखी. बोडिलला वाटलं आपण आता ओरडणार. त्याऐवजी तिच्या तोंडून तेच दोन शब्द आले, "मी बघते." आणि ते बोलल्यावर ती खरोखरच गाडी तिथंच सोडून थोर्वालच्या खोलीत शिरली आणि तिनं मागे दार लावलं.

तो खिडकीशी बसला होता. खाली बंदर होतं, पण तो बंदराकडे बघत नव्हता. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

"थोर्वाल, ते तुमचं नव्हतं."

"काय?"

"तो वास. तो माझा होता. पहिल्या सकाळपासून. माझं ऑपरेशन झालं होतं, मागच्या जागेचं, तेव्हापासून मला कधी कधी धरवत नाही. तुम्हाला काही झालेलं नाही. एकदाही नाही."

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे फिके निळे होते, पाण्यानं भरलेले, म्हाताऱ्यांचे असतात तसे.

"कॉफीच्या वेळचं?"

"तेही माझंच."

"आणि ते पॅड?"

"कोरडे असायचे. रोज."

त्यानं हात स्वतःच्या मांडीवर ठेवला, चुकून मार खाल्लेल्या कुत्र्याच्या पाठीवर ठेवावा तसा. बराच वेळ तो तिथंच राहिला. बोडिल उभी होती. तो बसायला सांगेल असं तिला वाटलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नाही.

"मी झोपत नव्हतो," तो म्हणाला. "झोपेत होईल म्हणून."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं." हे त्यानं अगदी हळू म्हटलं, तिला सांगण्यासाठी नव्हे. मग म्हणाला, "का?"

"लाज वाटली."

"तुला? तू तर दिवसभर हेच करतेस."

"हो."

"तू मला धुतलंस, बोडिल. मी स्वच्छ होतो आणि तू मला धुतलंस."

"हो."

"आणि मी तुझे आभार मानले."

"हो."

"ते मी परत घेतो."

तिनं मान हलवली. रडू आलं असतं तर तिनं ते आवरलं असतं, पण आलंच नाही. जिभेवर नुसती उपाशीपोटीची कडवट चव होती.

"एलेगोरबाईंना सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला."

"मला सांगून काय होणार? मी इथं एकटा बसलोय. ज्यांना ते माझं वाटतंय त्यांना सांग." त्यानं काठी शोधली. "कॉफीची वेळ झालीच आहे."

दालनात सगळे होते. सिग्ने केक कापत होती, उल्ला दाराशी पिशवी छातीशी धरून उभी होती. थोर्वाल आपल्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला, बसला नाही. बोडिल एलेगोरबाईंच्या समोर गेली आणि म्हणाली, "त्या दिवशी टेबलावर वास आला होता ना, तो थोर्वालचा नव्हता. माझा होता."

"काय म्हणालीस?" एलेगोरबाईंनी कानामागे हात धरला. "कुणाचा?"

"माझा. माझं ऑपरेशन झालंय."

"कसलं ऑपरेशन? मोठ्यानं बोल, मुली."

मग बोडिलला ते मोठ्यानं बोलावं लागलं. शौचाच्या जागेचं. मला धरवत नाही. थोर्वालला काहीही झालेलं नाही, मी गप्प बसले. प्रत्येक शब्द वेगळा, सुटा सुटा, शाळेतल्या पोरीनं बाकावर उभं राहून म्हणावा तसा. टेबलाच्या टोकाशी कुणाचा तरी चमचा वाजायचा थांबला. सिग्नेच्या हातातली सुरी केकमध्ये अर्धवट रुतलेली होती, आणि ती लाल झाली होती, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

एलेगोरबाईंनी बोडिलकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नाव बदलावं तसं त्यांनी तिला पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग त्या थोर्वालकडे वळल्या.

"आणि मी खुर्ची सरकवली."

"हो."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"मला कुठं माहीत होतं?" थोर्वाल म्हणाला.

एलेगोरबाई उठल्या, दोन्ही हातांनी खुर्ची ओढत पुन्हा त्याच्या जवळ आणली. सिग्ने मदतीला धावली तर तिला त्यांनी हातानंच थांबवलं. "वाटा पत्ते," त्या म्हणाल्या. उल्ला रडत हसत पुढे आली आणि तिनं बापाचं डोकं छातीशी धरलं, आणि बोडिल तिथून निघाली. तिला कुणी थांबवलं नाही. कुणी काही बोललंही नाही.

लिस्बेट मात्र बोलली. खोलीत बोलावून, दार लावून. आधी म्हणाली, हे मला वर कळवावं लागेल. मग म्हणाली, "सांगायचं होतंस गं. महिनाभर कपड्यांच्या खोलीत टाकलं असतं तुला. त्यात काय होतं एवढं?" त्यात काय होतं एवढं. बोडिल ते ऐकत राहिली. एवढुसं होतं, खरंच. आणि त्या एवढुशाखाली तिनं एक अख्खा माणूस दडपला होता.

ती कपड्यांच्या खोलीत काम करू लागली. ठपका कागदावर आला, पगार तोच राहिला. तिथं कुणाला उचलायचं नव्हतं, वाकायचं नव्हतं, संडास दाराशीच होता. यंत्रं गरगरत असायची आणि हवेत दिवसभर साबणाचाच वास. ती जेवू लागली. जखम भरत आली, दोरी हळूहळू पुन्हा हाताला लागू लागली. एका सकाळी तिला शिंक आली आणि काहीच झालं नाही, तेव्हा ती चादरींच्या ढिगाला टेकून उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्यावर लगेच दुसरं काहीतरी येऊन बसलं. थोर्वालनं लिस्बेटला सांगितलं होतं, सकाळी मला सिग्ने चालेल. बोडिलबद्दल त्यानं तक्रार केली नाही, नाव घेतलं नाही. कॉरिडॉरमध्ये भेटला तर तो मान लववायचा, अनोळखी माणसाला लववतात तशी.

कन्फर्मेशनच्या दिवशी ऊन पडलं होतं. बीच नावाच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती, ती हिरवी असते की पिवळी हे सांगता येत नाही अशी. बोडिल खिडकीशी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करत होती. खाली टॅक्सी उभी होती आणि थोर्वाल काळ्या सुटात, पांढऱ्या शर्टात, सिग्नेनं भांग पाडून दिलेला, उल्लाच्या हाताला धरून बाहेर आला. कोट अजून खांद्यावर जरा सैल होता, पण पाठ ताठ होती. गाण्याचे कागद त्याच्या आतल्या खिशातून डोकावत होते. वर दालनाच्या खिडकीतून एलेगोरबाई हात हलवत होत्या, त्यानं काठी उचलून उत्तर दिलं. बोडिलला वाटलं, झालं. जे व्हायला हवं होतं ते झालं. तो जातोय.

टॅक्सीचं दार उघडलं. थोर्वाल आत बसायला वळला आणि थांबला. त्यानं उल्लाला जवळ बोलावून कानात काहीतरी विचारलं. उल्ला म्हणाली असावी, नाही हो बाबा, काही नाही. त्यानं मान हलवली, पुन्हा काहीतरी म्हणाला, आणि कोटाचा मागचा भाग हातानं बाजूला करून तिच्याकडे पाठ केली. टॅक्सीवाला दुसरीकडे बघू लागला. उल्लानं हातातली फुलं गाडीच्या टपावर ठेवली, गुडघे वाकवले, आणि भर उन्हात, आपल्या नव्या कपड्यांत, बापाच्या मागे वाकून तिनं श्वास आत घेतला. मग ती उठली, त्याच्यासमोर आली आणि मोठ्यानं, बोडिलला काचेतूनही ओठ दिसतील इतक्या स्पष्टपणे म्हणाली, "नाही."

तो तरीही तसाच उभा राहिला. तिनं पुन्हा म्हटलं, "नाही." तेव्हा कुठे तो आत बसला.